जिन्यातलं पातेलं

मोठं पातेलं घ्यायचा निर्णय ओव्हरसियरांनी एकट्याने घेतला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर अख्खी गल्ली ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणत होती, आणि तेव्हा तर कुणाला काही म्हणायची संधीच मिळाली नव्हती.

बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरेच महिने झाले होते. पण गल्लीने त्यांचा हुद्दा काढून घेतला नव्हता, आणि त्यांच्या हातापायांना तर निवृत्तीची बातमीच पोचली नव्हती. सकाळचा चहा होईपर्यंत ते चार वेळा खुर्ची बदलत. स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावून झाल्या, मग वापराप्रमाणे लावून झाल्या, मग परत उंचीप्रमाणे. गॅलरीचा उतार चुकलाय हे त्यांनी गोटी सोडून सिद्ध केलं. ती गोटी खाली उभ्या असलेल्या प्रोफेसरांच्या टकलावर पडली, त्यामुळे एक सुशिक्षित साक्षीदारही मिळाला.

त्यांच्या बायकोला अशी काही चुळबुळ नव्हती, कारण तिला काम होतं. सगळा भाग तिला बाई म्हणायचा. शिंप्याच्या दुकानावर, एका अरुंद जिन्याने वर गेलं की एक लांबट खोली लागे, तिथे बाई केंद्र चालवत. आजूबाजूच्या कामकरी घरांतली मुलं आणि त्यांच्या आया संध्याकाळी तिथे जमत. दुपारपासून एका कोपऱ्यात शेगडीवर स्वयंपाक चाले. माणसं यायच्या आत शेगडी विझवायची, मग सगळ्यांना गरम जेवण वाढायचं, मग फरशी पुसून त्याच खोलीत अभ्यास घ्यायचा. मुलं खोलीत असताना आग नको, हा बाईंचा नियम होता आणि तो कुणी मोडत नसे. शेगडीवरच्या मावशी तर नियमाचं पाणी शेगडीवर स्वतःच्या हाताने ओतत.

या केंद्रात ओव्हरसियरांना मज्जाव होता. तसे ते एकदा गेले होते. बाई भाजी आणायला खाली गेल्या तेवढ्या वेळात त्यांनी सगळ्या मुलांना उंचीप्रमाणे ओळीत बसवलं. त्यामुळे प्रत्येक धाकटं भावंड थोरल्यापासून तुटलं, एक रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं, आणि बाई परत आल्या तेव्हा खोलीत उंचीप्रमाणे रडारड चालली होती. घरी आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, “अहो, घरात काय मोजायचं ते मोजा. केंद्रात नको.” ओव्हरसियरांना ते फार लागलं. ज्या माणसाच्या शेऱ्यावाचून पूल उभे राहिले नाहीत त्याला वीसपंचवीस पोरांच्या खोलीत जागा नसावी, हे त्यांना पटत नव्हतं. पण बाईंपुढे अपील नसतं.

मग गेल्या आठवड्यात ते झालं. बाई घरी आल्या आणि जेवल्याच नाहीत. ताट तसंच सरकवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “आज परत पाठवावं लागलं हो. पलीकडच्या रस्त्यावरचे लोक पण यायला लागलेत. ती इस्त्रीवाली नाही का, तिला कामावरून सुटायला उशीर होतो. दोन पोरांना घेऊन दारात उभी राहिली आणि मी तिला रिकामं पातेलं दाखवलं. ती म्हणाली, असू दे बाई, घरी बघते काहीतरी. घरी काही नसणार, मला माहितीय.”

ओव्हरसियरांना सांत्वन करता येत नसे. खात्यात ते शिकवत नाहीत. पण त्या रात्री त्यांना बाईंपेक्षा उशिरा झोप लागली. सकाळी उठले ते ठरवूनच. पातेलं लहान पडतंय ना, मग मोठं आणायचं. बाईंना पत्ता लागू द्यायचा नाही. एकदम वर नेऊन ठेवायचं, आणि मग बघू कोण म्हणतं केंद्रात येऊ नका.

भांडीवाल्याने विचारलं, “केवढं हवं?”

“कुणाला परत पाठवावं लागणार नाही एवढं.”

“असं माप आमच्याकडे नाही,” भांडीवाला म्हणाला. पण मागच्या गोदामातून त्याने जे लोळवत आणलं ते त्या मापाच्या जवळपास जाणारं होतं. कुठल्याशा बंद पडलेल्या वसतिगृहाने मागवून न नेलेलं ते पातेलं होतं. त्यात उभं राहून माणसाला अंघोळ करता आली असती. ओव्हरसियर त्याच्याभोवती एक फेरी मारून आले आणि त्यांचं मन भरून आलं.

आता इथे कुठल्याही साध्या माणसाने काय केलं असतं? टेप घेऊन जिना मोजला असता. पण ओव्हरसियर साधे माणूस नव्हते. शिवाय जिन्यात टेप घेऊन दिसले असते तर बाईंना सुगावा लागला असता. म्हणून ते वॉर्ड ऑफिसात गेले, जुनी ओळख काढली, आणि त्या इमारतीचा मंजूर नकाशा मागवून त्यावरून जिन्याची रुंदी काढली. पातेलं जात होतं. दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरत होती. नकाशा एकदा मंजूर झाला की इमारतीने त्याप्रमाणे वागायचं असतं, या श्रद्धेवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती. नकाशा मंजूर झाल्यावर घरमालकाने शिंप्याला कपाट हवं म्हणून जिन्याची भिंत वळणापाशी आत सरकवली होती, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नकाशाला तेवढं ठाऊक नव्हतं.

भर दुपारी दोन हमाल पातेलं घेऊन आले. पहिल्या पायऱ्या झोकात पार पडल्या. पातेलं आडवं धरलेलं, तोंड वरच्या बाजूला, बूड खाली, आणि बुडाशी ओव्हरसियर दबक्या आवाजात ‘डावीकडे, थोडं डावीकडे’ करत. वळणावर एक मोठा आवाज झाला. पातेल्याचा एक कान भिंतीच्या गिलाव्यात घुसला आणि दुसरा कठड्याच्या गजांत अडकला. हमालांनी ढकललं, तेव्हा पातेलं आणखी घट्ट बसलं. ओढलं, तेव्हा ते मुळीच हललं नाही. वर छतापाशी एक ताट जाईल एवढी फट राहिली, बाकी जिना बंद.

“कोण आहे?” वरून बाईंचा आवाज आला.

हमाल ओव्हरसियरांकडे बघायला लागले.

“तुमचे मिस्टर आहेत,” शिंप्याने खालून दुकानातूनच सांगितलं. “पातेलं घेऊन आलेत.”

मग फटीतून बाईंचे डोळे दिसले.

“अहो, ते खाली न्या.”

“खाली जात नाही.”

“मग वर आणा.”

“वर पण येत नाही.”

“मग तुम्ही काय करताय तिथे?”

“विचार करतोय,” ओव्हरसियर म्हणाले. हे खोटं होतं. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात नकाशाशिवाय काहीही नव्हतं.

हमालांनी आपण फक्त पोचवण्याचं कबूल केलं होतं आणि पातेलं पोचलेलं आहे, असं जाहीर केलं आणि ते निघून गेले. त्यांची जागा सल्लागारांनी घेतली. आपल्याकडे माणूस एकटा असतो तो फक्त सगळं सुरळीत चाललेलं असताना. शिंपी म्हणाला, कडेने तेल सोडा. तेल सोडलं. पातेलं हललं नाही, पण पायऱ्या अशा झाल्या की तेल सोडा म्हणणारा शिंपीच तीन पायऱ्या बसल्या बसल्या उतरला. पेपरवाला म्हणाला, साबण बरा. साबणामुळे तेलाला फेस आला. मग प्रोफेसर आले. ते फिजिक्सचे. त्यांनी चष्मा पुसला, पातेल्यावर टिचकी मारली आणि सांगितलं की धातू थंड झाला की आकसतो, हा निसर्गनियम आहे, त्यात तेलाचं काय काम? बर्फाचं पाणी ओता.

“आकसून किती आकसेल?” ओव्हरसियरांनी विचारलं.

“तत्त्वतः आकसेल,” प्रोफेसर म्हणाले.

ओव्हरसियरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणला, बादल्या भरल्या आणि पातेल्यावर ओतल्या. पातेलं तत्त्वतः आकसलं. पाणी मात्र प्रत्यक्ष जिन्यावरून वाहत, तेल आणि साबण बरोबर घेऊन, शिंप्याच्या दुकानात शिरलं आणि शिवून तयार ठेवलेल्या बँडवाल्यांच्या लाल कोटांखालून गेलं. कोटांचा रंग कच्चा होता, हे शिंप्याला आणि सगळ्या गल्लीला एकाच वेळी कळलं. शिंपी ओव्हरसियरांकडे बघत एकेक कोट पिळायला लागला. प्रोफेसरांना याच सुमारास घरी काम आठवलं.

मग ओव्हरसियरांनी अग्निशमन दलाला फोन लावला.

“आग लागलीय का?”

“नाही. पातेलं अडकलंय.”

“पातेल्यात माणूस आहे का?”

“माणूस नाही, रिकामं आहे.”

“मग वॉर्ड ऑफिसला विचारा,” असं म्हणून फोन ठेवला गेला.

वॉर्ड ऑफिसात त्याच ओळखीच्या इंजिनियरने तोच नकाशा पुन्हा पसरला, पट्टी लावली, आणि मान हलवली. “साहेब, नकाशाप्रमाणे तुमचं पातेलं अडकूच शकत नाही.”

“पण अडकलंय.”

“असेल. पण नकाशाप्रमाणे नाही.” मग त्याने समजावून सांगितलं. जिन्यात कुणी मुद्दाम ठेवलं असेल तर ते अतिक्रमण, आणि नोटीस काढावी लागेल. चुकून राहिलं असेल तर आपत्ती. “चुकून राहिलं असं लेखी द्या, म्हणजे आत्ताच माणसं पाठवतो.”

ओव्हरसियरांनी पेन काढलं. ‘माझ्या चुकीमुळे’ हे दोन शब्द लिहिले की काम होत होतं. पण पेन पुढे सरकेना. अनेक वर्षांत त्यांनी एकाही कागदावर कर्ता लिहिलेला नव्हता. रस्ते खचले तर ‘खचल्याचे निदर्शनास आले’, भिंती पडल्या तर ‘पडलेल्या आढळल्या’. हात आपोआप चालला आणि त्यांनी लिहिलं: सदर पातेले जिन्यात आढळून आले.

इंजिनियरने वाचलं. “आणलं कुणी?”

“आढळून आलं.”

“म्हणजे बेवारस. मग मालक सापडेपर्यंत आम्हाला हात लावता येत नाही, साहेब. तुम्हीच शिकवलंय आम्हाला.”

परत येताना त्यांची पावलं जड झाली होती. गल्लीच्या तोंडाशीच ती थांबली. दिवस कलला होता, आणि जिन्याच्या दारापाशी माणसं जमायला लागली होती. मुलं, आया, ताटं, दप्तरं. वर जायला वाट नाही. आणि गर्दीच्या शेवटी, कामावरून तशीच आलेली इस्त्रीवाली, दोन्ही हातांत दोन पोरं. गेल्या आठवड्यात तिला रिकामं पातेलं बघावं लागलं होतं. या आठवड्यात भरलेलं पातेलं वर होतं आणि रिकामं पातेलं वाटेत होतं, आणि वाटेतलं कुणी आणून ठेवलंय हे ओव्हरसियरांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. साधी, उघडी लाज वाटली. असं फार वर्षांत झालं नव्हतं.

त्यांनी शिंप्याचा फोन मागितला. शिंप्याने ओल्या हाताने दिला. “अग्निशमन दल? मघाचाच माणूस बोलतोय. वर माणसं अडकली आहेत. माझी बायको अडकलीय.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?” पलीकडचा माणूस चिडून म्हणाला. गाडी एका आगीवर गेली होती, आली की निघणार होती.

ओव्हरसियर शिंप्याकडून पोतं घेऊन जिना पुसत वर गेले आणि पातेल्याशी उभे राहिले.

“अगं,” त्यांनी हाक मारली. “फटीतून ताट जाईल का?”

“जाईल,” बाई म्हणाल्या. “पण एका वेळी एकच.”

“दे मग.”

मावशी वाढायच्या, बाई फटीतून ताट सोडायच्या, ओव्हरसियर ते दोन्ही हातांनी झेलून खालच्या पायरीवरच्या एका आईला द्यायचे, ती तिच्या खालचीला. रिकामी ताटं त्याच वाटेने वर परत जात. मुलं पायऱ्यांवर बसली. ज्यांचं जेवून झालं त्यांनी अर्थातच दंगा सुरू केला, कारण जिना हा दंग्यासाठीच बांधलेला असतो.

“अहो, त्यांना काहीतरी शिकवा,” वरून आवाज आला.

“मी?”

“दुसरं कोण आहे खाली? तुम्हाला काय येतं ते शिकवा.”

काय येतं? ओव्हरसियरांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि खिशातून टेप काढला. पोरांनी जिना मोजायचा ठरला. शिंप्याने रागाच्या भरातच, पण स्वतः उठून, कापडावर खुणा करायचा खडू आणून दिला. पातेल्याचं भलंमोठं बूड सगळ्यांच्या समोर होतंच. त्यावर आकडे चढायला लागले. नकाशातली रुंदी ओव्हरसियरांनी तोंडपाठ सांगितली, पोरांनी मोजलेली रुंदी इस्त्रीवालीच्या मुलीने खाली लिहिली आणि वजाबाकी केली.

“आजोबा, कमी आहे की,” ती म्हणाली. “तुम्ही आधी मोजलं नव्हतं?”

“नव्हतं,” ओव्हरसियर म्हणाले. आयांच्या रांगेत हसू पसरलं. त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाही हसू येतंय.

तेवढ्यात जे व्हायचं तेच झालं. वरून ताट यायचं थांबलं. फटीत बाईंचा चेहरा दिसला, आणि तो गेल्या आठवड्यातला चेहरा होता.

“संपलं,” त्या हळू म्हणाल्या. “कितीजण राहिलेत?”

“इस्त्रीवाली. पोरं. आणि तिच्या मागे आणखी आहेत.”

मग मावशींचा आवाज आला, नेहमीसारखा करवादलेला. “मी काय म्हणते बाई, खोलीत कुणीच नाही आज. पोरं तर सगळी खाली. मग मी शेगडी कशाला विझवू? पेटलेलीच आहे. टाकू का दुसरा घाणा? तांदूळ आहे.”

वर बाई आणि खाली ओव्हरसियर, दोघांच्याही एकाच वेळी ते लक्षात आलं. इतकी वर्षं एकच खोली होती, म्हणून एकच पातेलं शिजत होतं. मुलं आत, म्हणजे आग बंद. मुलं दुसरीकडे कुठे अभ्यासाला बसवायची, हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जिन्यावर ती आत्ता बसली होती, तीही मजेत.

“टाका,” बाई म्हणाल्या. “मावशी, टाका लवकर.”

भात शिजेपर्यंत ओव्हरसियरांनी शिंप्याच्या दुकानाचं दार मोजलं, कठडा मोजला, इस्त्रीवालीच्या धाकट्याची उंची मोजली आणि ती बुडावर लिहिली. त्याला बहिणीच्या शेजारीच उभं केलं. मग फटीतून वाफाळतं ताट आलं. ते त्यांनी हातोहात न देता स्वतः चार पायऱ्या उतरून इस्त्रीवालीच्या हातात दिलं. तिने ते धाकट्यापुढे ठेवलं.

“आणखी येतंय,” ओव्हरसियर म्हणाले. “तुमचंही येतंय. थांबा.”

आणि आलं. तिच्या मागच्यांचंही आलं. त्या संध्याकाळी कुणी परत गेलं नाही, आणि ज्या पातेल्याने हे घडवलं त्यात भाताचं एक शीतही शिजलं नव्हतं. ओव्हरसियरांना हे कळत होतं. एरवी त्यांना ते टोचलं असतं. पण आता हात दुखत होते, कपड्यांवर तेल, साबण आणि बँडवाल्यांचा लाल रंग होता, आणि टोचून घ्यायला सवड नव्हती. शेवटी आणखी दोन ताटं झाली. एक फटीतून खाली आलं.

“हे तुमचं.”

“तुझं?”

“घेतलंय. जेवतेच आहे.”

ओव्हरसियर पातेल्याला टेकून पायरीवर बसले. पलीकडून ताटावर हात फिरल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत त्यांनी आपला घास तोंडात घातला नाही. मग घातला.

अग्निशमन दलाची माणसं आली तेव्हा मुलं पांगत होती. अधिकारी वर चढून आला, बुडावरची वजाबाकी बघून थोडा गोंधळला, आणि म्हणाला, “कान कापावे लागतील. कदाचित पातेलंच. मालकाने हो म्हटल्याशिवाय करवत लावता येत नाही. वॉर्ड ऑफिस म्हणतं, बेवारस आहे.”

“बेवारस नाही,” ओव्हरसियर उठून म्हणाले. “माझं आहे. मी आणलं. जिना न मोजता आणलं. कापा.”

शिंपी दारात उभा होता, तो ऐकून आत गेला आणि कोट वाळत घालायला लागला. फटीपलीकडे काही हललं नाही, पण तिथे कुणीतरी ऐकत उभं होतं.

“ठीक आहे,” अधिकारी म्हणाला. “आणि तुम्ही इथे कोण?”

ओव्हरसियरांनी तोंड उघडलं. सेवानिवृत्त, हा शब्द जिभेवर आला होता, त्यामागून खातं, हुद्दा, सगळं येत होतं. त्यातलं काहीच या जिन्यात लागू पडेना.

“वाढायला असतात इथे,” फटीतून बाईंचा आवाज आला. “उद्यापासून रोज.”

ओव्हरसियरांनी फटीकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांना वेळा दिल्या होत्या, कुणाला कधी वेळ विचारली नव्हती.

“किती वाजता येऊ?” त्यांनी विचारलं.